परदेशातून इंग्लंडला जाणारा शिक्षक: शाळेचा पत्ता बदलला की पगार किती बदलतो?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली होती. "इंग्लंडमध्ये शिक्षकांची टंचाई आहे, भारतातून गणित-विज्ञानाचे शिक्षक घेतात, पगार चांगला असतो असं ऐकतो. मग लंडनला जावं की लंडनबाहेर?" आज तेवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. मी आकडे देणार आहे ते शैक्षणिक वर्ष २०२४-२५ चे. तिथे वेतनश्रेणी दर सप्टेंबरला बदलते, त्यामुळे तुम्ही प्रत्यक्ष अर्ज कराल तेव्हा त्या वर्षाचा तक्ता समोर ठेवा. आकडे बदलतील, पण गणित कसं मांडायचं ते बदलणार नाही.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. प्रदेशाप्रमाणे पगार बदलतो हे खरं आहे आणि तो फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. पण परदेशातून जाणाऱ्या शिक्षकाच्या खिशावर प्रदेशापेक्षा जास्त परिणाम दुसऱ्याच दोन गोष्टींचा होतो: तुम्हाला तिथे पात्र शिक्षक धरतात की नाही, आणि धरलं तर कुठल्या पायरीवर बसवतात. लोक शहर निवडण्यात सहा महिने घालवतात आणि पायरीबद्दल एक ओळही विचारत नाहीत. आता हे टप्प्याटप्प्याने बघू.

चार पट्टे

आपल्याकडे घरभाडे भत्ता कसा मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. मुंबई-पुणे एक्समध्ये, नागपूर-नाशिक वायमध्ये, बाकी झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगात हा भत्ता मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्क्यांपासून सुरू झाला आणि महागाई भत्ता वाढेल तसा वाढत गेला. मूळ वेतन सगळ्यांना सारखं, वरचा भत्ता जागेप्रमाणे.

इंग्लंडमध्ये भत्ता वेगळा दाखवत नाहीत, तिथे वेतनश्रेणीच चार आहेत. अंतर्गत लंडन, बाह्य लंडन, लंडनच्या कडेचा पट्टा, आणि उरलेला सगळा इंग्लंड. आता सुरुवातीचा पगार, म्हणजे मुख्य वेतनश्रेणीची पहिली पायरी बघा. तिला ते एम-१ म्हणतात.

उरलेला इंग्लंड: वर्षाला ३१,६५० पौंड.
लंडनच्या कडेचा पट्टा: ३३,०७५ पौंड.
बाह्य लंडन: ३६,४१३ पौंड.
अंतर्गत लंडन: ३८,७६६ पौंड.

सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या पट्ट्यात फरक ७,११६ पौंडांचा. म्हणजे साधारण साडेबावीस टक्के. पौंडाला शंभराने गुणायची सवय आपल्याला असतेच, त्यामुळे हा फरक लगेच सात लाख रुपयांचा दिसायला लागतो आणि माणूस म्हणतो, लंडनच बरं. थांबा, अजून हिशेब व्हायचा आहे.

ही पद्धत नवी नाही. १९१९ साली बर्नहॅम समिती नेमली गेली आणि शिक्षकांचा पगार राष्ट्रीय पातळीवर ठरवायची पद्धत तिथे सुरू झाली. तेव्हापासूनच लंडनचं प्रमाण वेगळं राहिलेलं आहे. आता १९९१ पासून एक स्वतंत्र वेतन पुनरावलोकन मंडळ शिफारस करतं आणि शिक्षणमंत्री ती स्वीकारतात किंवा बदलतात.

हद्दी कुठे आहेत?

अंतर्गत लंडन म्हणजे नकाशातलं मधलं लंडन, असं कुणालाही वाटेल. पगाराच्या हिशेबात तसं नाही. ब्रेंट, ईलिंग, मर्टन, न्यूहॅम, बार्किंग अँड डॅगनम हे भाग शहराच्या मध्यापासून बरेच लांब आहेत, पण शिक्षकांच्या पगारासाठी ते अंतर्गत लंडनमध्ये मोजतात. हॅरो, हाउन्सलो, हिलिंग्डन, रेडब्रिज, क्रॉयडन हे बाह्य लंडनमध्ये.

याचा अर्थ काय होतो ते बघा. वेम्बली ब्रेंटमध्ये येतं. आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ, १९३२ साली स्थापन झालेलं, तेही ब्रेंटमध्येच, डॉलिस हिलला. शेजारी हॅरो. दोन्हीकडे भारतीय वस्ती भरपूर. या दोन भागांची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत केंटन रोडवरून जाते. रस्त्याच्या एका अंगाला असलेल्या शाळेत एम-१ ला ३८,७६६ आणि दुसऱ्या अंगाच्या शाळेत ३६,४१३. फरक २,३५३ पौंडांचा. दोन्ही शाळांतल्या शिक्षकांची घरं मात्र एकाच गल्लीत असू शकतात, कारण पगार शाळेच्या पत्त्यावर ठरतो. तुम्ही राहता कुठे याच्याशी त्याचा संबंध नाही.

कडेच्या पट्ट्यातही असंच आहे. स्लाव, वॉटफर्ड, सेंट ऑल्बन्स, क्रॉली, संपूर्ण सरे परगणा, हे सगळं कडेच्या पट्ट्यात. पण रेडिंग आणि लुटन उरलेल्या इंग्लंडमध्ये. स्लाव आणि रेडिंग ही नावं मी मुद्दाम घेतली. आयटीच्या नोकऱ्यांमुळे तिथे मराठी कुटुंबं बरीच आहेत. स्लावच्या शाळेत सुरुवात ३३,०७५ वर, आणि रेल्वेने थोडंसं पुढे गेलं की रेडिंगला ३१,६५० वर. रेडिंगमधली घरं मात्र काही स्वस्त नाहीत. हद्दी कधीतरी आखल्या गेल्या आणि घरांच्या किमती नंतर आपल्या वाटेने गेल्या. म्हणून एखाद्या शाळेचा विचार करताना पहिलं काम हे की त्या शाळेचा भाग कुठल्या पट्ट्यात येतो ते शोधायचं. जाहिरातीत "लंडनजवळ" लिहिलेलं असलं तर त्याचा पगाराच्या दृष्टीने काहीही अर्थ होत नाही.

हातात किती येतात?

आता वार्षिक आकड्यावरून महिन्याच्या आकड्यावर येऊ. तीन गोष्टी पगारातून कापल्या जातात: शिक्षक निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, आयकर, आणि राष्ट्रीय विमा.

बाहेरच्या इंग्लंडचा एम-१ घ्या, ३१,६५०. निवृत्तिवेतनाला ७.४ टक्के, म्हणजे २,३४२ पौंड. मग १२,५७० पर्यंत करमाफी आणि त्यावर २० टक्के आयकर, तो येतो सुमारे ३,३४८. राष्ट्रीय विमा ८ टक्क्यांनी १,५२६. उरले २४,४३४. महिन्याला सुमारे २,०३६ पौंड.

आता अंतर्गत लंडनचा एम-१, ३८,७६६. इथे एक बारीक गोष्ट आहे. पगार ३४,२९० च्या वर गेला की निवृत्तिवेतनाची वर्गणी ७.४ वरून ८.६ टक्के होते, आणि ती सगळ्या पगारावर लागते, फक्त वरच्या भागावर नाही. म्हणजे ३,३३४ पौंड. आयकर ४,५७२, राष्ट्रीय विमा २,०९६. उरले २८,७६४. महिन्याला सुमारे २,३९७.

म्हणजे कागदावर महिन्याला ५९३ पौंडांचा फरक होता, हातात आला ३६१ पौंडांचा. निवृत्तिवेतनात गेलेले पैसे बुडाले असं नाही, ते पुढे मिळतात. पण या महिन्याचं भाडं त्यातून देता येत नाही.

आणि भाडं हाच सगळ्यात मोठा खर्च. लंडनमध्ये खासगी घराचं सरासरी भाडं महिन्याला २,००० पौंडांच्या वर आहे. ईशान्य इंग्लंडमध्ये, म्हणजे न्यूकॅसल, डरहॅम, संडरलंड या बाजूला, ते ७०० च्या आसपास आहे. ही सरासरी लहानमोठ्या सगळ्या घरांची आहे, आणि एकटा माणूस पूर्ण घर न घेता खोली भाड्याने घेतो. पण बायको किंवा नवरा आणि एक मूल बरोबर नेणार असाल तर खोलीत भागत नाही. मग गणित असं होतं: लंडनला २,३९७ मधून भाडं दिल्यावर चारशेपेक्षा कमी उरतात, ईशान्येला २,०३६ मधून तेराशेच्या आसपास. लंडनचा वरचा पगार घरमालकाकडे जातो, आणि वर खिशातलेही थोडे त्याच्याकडे जातात.

एकट्याने जाणाऱ्याचं गणित वेगळं येईल, आणि ज्याचा जोडीदार आधीच लंडनमध्ये कमावतो त्याचं आणखी वेगळं. म्हणून मी "लंडनला जाऊ नका" असं म्हणत नाही. स्वतःच्या घरातली माणसं मोजा आणि मग हा हिशेब मांडा, एवढंच म्हणतो.

शहरापेक्षा पायरी महत्त्वाची

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मुख्य वेतनश्रेणीत सहा पायऱ्या आहेत, एम-१ ते एम-६. बाहेरच्या इंग्लंडमध्ये त्या अशा जातात: ३१,६५०, ३३,४८३, ३५,६७४, ३८,०३४, ४०,४३९ आणि ४३,६०७. यातली चौथी पायरी बघा, ३८,०३४. आणि अंतर्गत लंडनची पहिली पायरी आठवा, ३८,७६६. जवळजवळ सारखीच. सगळ्या कपाती करून एम-४ वाल्याच्या हातात महिन्याला २,३५७ येतात, लंडनच्या एम-१ वाल्याच्या २,३९७. फरक चाळीस पौंडांचा. भाड्यातला फरक तुम्ही आत्ता ऐकलातच.

समजा, साताऱ्याच्या एका अनुदानित शाळेत एक बाई गणित शिकवतात. बी.एस्सी. बी.एड., अकरा वर्षं सेवा, कायम नोकरी. त्यांना दोन शाळांकडून बोलावणं आलं. एक अंतर्गत लंडनची, एम-१ वर. दुसरी डरहॅमची, एम-४ वर. बहुतेक जण पहिली घेतील, कारण आकडा थोडा मोठा आणि नाव लंडनचं. पण घरी नवरा आणि मुलगा धरून तीन माणसं असतील तर दुसरं पत्र कितीतरी चांगलं आहे.

आता खरी मेख. अकरा वर्षांच्या बाईंना एम-१ वर कोण बसवेल, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे सेवापुस्तक असतं, सेवाज्येष्ठता असते, बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. पायरी कुणी कुणाला मेहरबानीने देत नाही. इंग्लंडमध्ये तसं राहिलेलं नाही. साधारण दहा वर्षांपूर्वी तिथले नियम बदलले. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना आधीची पायरी देण्याचं बंधन निघून गेलं. कोणत्या पायरीवर घ्यायचं हे शाळा ठरवते. हे तिथल्या स्थानिक शिक्षकालाही लागू आहे. मग परदेशातल्या अनुभवाबद्दल तर बोलायलाच नको. काही शाळा वर्षाला एक पायरी धरतात, काही दोन वर्षांना एक, आणि काही म्हणतात, आमच्याकडे नवीन आहात, एम-१.

आणि हे ठरतं केव्हा? नोकरीचं पत्र स्वीकारायच्या आधी. एकदा "हो" लिहून पाठवलं की ती पायरी पक्की. पुढच्या वर्षी फार तर एक पायरी वर. तीन पायऱ्यांचं नुकसान भरून यायला तीन वर्षं जातात, आणि तोपर्यंत तुमच्याबरोबरचा माणूसही तीन पायऱ्या वर गेलेला असतो. आपल्याला पगाराबद्दल बोलायला संकोच वाटतो. शिक्षकाने घासाघीस करू नये असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. तिथे मात्र मुलाखतीनंतर "माझा इतक्या वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आहे, आपण मला कोणत्या पायरीवर घेणार आहात?" हे विचारणं अगदी रीतसर आहे. मुख्याध्यापकांना त्यात काही वावगं वाटत नाही. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या.

त्यासाठी निघण्याआधी इथलं एक काम करून ठेवा. संस्थेकडून अनुभव प्रमाणपत्र घेताना "सदर शिक्षिका आमच्याकडे कार्यरत होत्या" एवढ्या ओळीवर भागवू नका. पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणत्या इयत्ता, कोणता विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, वर्गशिक्षक किंवा विभागप्रमुख होता का, हे सगळं त्यात यायला हवं. राजीनामा दिल्यानंतर असा कागद मिळवणं किती जड जातं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पात्र आणि अपात्र

पायरीच्याही आधी एक दार आहे. इंग्लंडमध्ये पात्र शिक्षकाचा दर्जा म्हणून एक गोष्ट असते, तिला क्यूटीएस म्हणतात. आपलं बी.एड. म्हणजे आपोआप क्यूटीएस नव्हे. २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना इथूनच थेट अर्ज करून तो मिळवता येतो, पण अट आहे: ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता हवी. पदवी, शिक्षक प्रशिक्षण, अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. या अर्जाला सरकार पैसे घेत नाही. कुणी "क्यूटीएसची फी" म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर ती त्या मधल्या माणसाची फी आहे, सरकारची नाही.

क्यूटीएस नसेल तरी परदेशात प्रशिक्षित शिक्षकाला चार वर्षांपर्यंत सरकारी अनुदानावरच्या शाळेत शिकवता येतं. पण तेव्हा त्याला अपात्र शिक्षकांच्या श्रेणीत पगार देता येतो. ती श्रेणी कुठून सुरू होते? बाहेरच्या इंग्लंडमध्ये २१,७३१ पौंडांपासून, अंतर्गत लंडनमध्ये २७,२५२ पासून.

आता हे आकडे शेजारी ठेवा. सगळ्यात स्वस्त भागातला पात्र शिक्षक पहिल्याच पायरीवर ३१,६५० घेतो. सगळ्यात महागड्या भागातला अपात्र शिक्षक २७,२५२ वर सुरू होऊ शकतो. जवळपास ४,४०० पौंड कमी, आणि तेही लंडनच्या भाड्यात. वर्ग तोच, मुलं तीच, तपासायच्या वह्या तेवढ्याच. फरक पडला तो एका कागदाने. शिवाय कुशल कामगार व्हिसाला स्वतःची किमान पगाराची अट असते, त्यामुळे खालच्या पगारावर व्हिसाच अडू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्यूटीएस, मग नोकरी, मग शहर.

लंडन खरं कुणाला परवडतं?

तुम्ही विचाराल, मग लंडनला कुणी जातंच कसं? तर लंडनचा फायदा वरच्या बाजूला आहे. एम-६ ला बाहेर ४३,६०७ आणि अंतर्गत लंडनमध्ये ५०,२८८, म्हणजे फरक साडेबावीस टक्क्यांवरून पंधरावर आला. पण त्यानंतर वरची वेतनश्रेणी सुरू होते, आपल्या वरिष्ठ वेतनश्रेणीसारखी, पण वर्षं भरली म्हणून मिळत नाही, अर्ज करून काम दाखवावं लागतं. तिची पहिली पायरी बाहेर ४५,६४६. म्हणजे एम-६ वरून जेमतेम दोन हजारांची वाढ. अंतर्गत लंडनमध्ये तीच ५५,४१५, एका उडीत पाच हजारांवर. आणि शेवटची पायरी बाहेर ४९,०८४, लंडनमध्ये ६०,०९२.

ही रचना अशी का, हे सरळ आहे. तरुण शिक्षक लंडनला येतातच. दहा वर्षांनी घर घ्यायची, मुलं वाढवायची वेळ आली की ते बाहेर पडतात. त्यांना थांबवायला ही मोठी उडी ठेवलेली आहे. म्हणून जो शिक्षक वरच्या श्रेणीपर्यंत टिकणार आहे, त्याच्या दृष्टीने लंडनचा विचार वेगळा होतो.

आणखी एक गोष्ट. विभागप्रमुखासारखी जबाबदारी घेतली की त्याचा वेगळा भत्ता मिळतो. त्याच्या खालच्या गटाची सुरुवात ३,३९१ पौंडांपासून होते. आणि हा भत्ता चारही पट्ट्यांत एकाच तक्त्याने ठरतो. तुम्ही विषय चालवलेला असेल, शिक्षकांचा गट सांभाळलेला असेल, तर एका जबाबदारीचा भत्ता शहर बदलून मिळणाऱ्या वाढीच्या निम्म्याइतका सहज होतो, आणि त्यासाठी घर बदलावं लागत नाही.

निघण्याआधीचा खर्च

हे थोडक्यात सांगतो, कारण यात प्रदेशाचा भाग नाही. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. दोघं नवराबायको आणि एक मूल, तीन वर्षांचा व्हिसा: ८,५३८ पौंड. ते पहिला पगार हातात यायच्या आधी द्यायचे. व्हिसाची फी, विमानाचं भाडं, घराची अनामत वेगळी. लंडनचा एक वर्षाचा जादा पगार कपातीआधीच ७,११६ होता, हे आठवा. अनेक जण हे पैसे कर्जाने उभे करतात. कर्जाचा हप्ता रुपयात असला तरी तो फेडायचा असतो तो हातात उरलेल्या पौंडांतून. त्यामुळे "भाडं देऊन किती उरतात" हा आकडा "पगार किती" या आकड्यापेक्षा महत्त्वाचा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: लुटनला राहून ब्रेंटच्या शाळेत नोकरी केली तर?

चालतं. पगार ब्रेंटचा मिळेल. बरेच स्थानिक शिक्षक हेच करतात. फक्त रेल्वेचा पास आणि रोजचा वेळ धरा. तिथे शिक्षक आठच्या सुमाराला शाळेत असतो आणि थंडीत तेव्हा जेमतेम उजाडलेलं असतं. हातातला फरक महिन्याला ३६१ पौंडांचा आहे. पास त्यातला किती खातो ते आधी काढा.

प्रश्न: सगळ्या शाळा या श्रेणी पाळतात का?

स्थानिक प्रशासनाच्या शाळांना बंधन आहे. अकॅडमी म्हणून ज्या शाळा आहेत त्यांना सरकार थेट पैसे देतं आणि पगार ठरवायची मोकळीक आहे. माध्यमिक शाळांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त आता अकॅडमी आहेत. बहुतेक जण राष्ट्रीय श्रेणीच वापरतात, पण गृहीत धरू नका, त्यांचं वेतन धोरण मागून घ्या. खासगी शाळा पूर्ण मोकळ्या, तिथे पत्रात लिहिलेलं तेवढंच खरं.

प्रश्न: स्कॉटलंडमध्येही असंच आहे?

नाही, तिथे उलट आहे. एकच राष्ट्रीय श्रेणी, एडिंबराला आणि खेड्यात सारखीच. परिविक्षा काळात ३३,५९४, नंतरची पहिली पायरी ४०,३०६, आणि वर ५०,५८९. म्हणजे परिविक्षा संपल्यावरचा आकडा अंतर्गत लंडनच्या एम-१ पेक्षा जास्त. आयकराचे दर थोडे वेगळे आहेत, तेवढं धरा. जादा भत्ता मिळतो तो शेटलंड, ऑर्कनीसारख्या दूरच्या बेटांवर. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या भागात प्रोत्साहन भत्ता देतात ना, तोच विचार. पण तिथल्या शिक्षक परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय सरकारी शाळेत शिकवता येत नाही, चार वर्षांची सवलत वगैरे काही नाही. वेल्सही आता आपला पगार स्वतः ठरवतं, आणि तिथेही पट्टे नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे स्लावला आहे. इथे ती विज्ञान शिकवायची. आता तिथल्या शाळेत साहाय्यक म्हणून लागली आहे. तिने काय करावं?

अशा मुली खूप आहेत, आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्गातल्या साहाय्यकाचा जाहिरातीतला पगार बहुतेकदा पूर्ण वर्षाचा दाखवलेला असतो, पण प्रत्यक्षात शाळा चालू असलेल्या आठवड्यांपुरताच आणि तासांप्रमाणे मिळतो. त्यामुळे हातात बरंच कमी येतं. त्यांचा विषय विज्ञान आहे आणि बी.एड. झालेलं असेल, तर त्या जिथे आहेत तिथूनच क्यूटीएससाठी अर्ज करू शकतात. जोडीदाराच्या व्हिसावर असल्यामुळे शाळेला त्यांना प्रायोजित करावं लागत नाही, हा मोठा फायदा आहे. शाळांना असा माणूस सोपा पडतो. साहाय्यकाचं काम वाया गेलेलं नाही, तिथला वर्ग कसा चालतो हे त्यांना आतून कळलं आहे. तो अनुभव मुलाखतीत सांगायचा, आणि पायरी मागताना महाराष्ट्रातली वर्षं मोजून सांगायची. स्लाव कडेच्या पट्ट्यात येतं, म्हणजे एम-१ म्हटलं तरी ३३,०७५. पण त्यांनी एम-१ मान्य करण्याआधी एकदा विचारावं, एवढं त्यांना नक्की कळवा.

वेळ संपत आली आहे. जाताना एका कागदावर चार ओळी लिहा: क्यूटीएस आहे का, पायरी कोणती, शाळा कुठल्या पट्ट्यात, आणि भाडं देऊन महिन्याला किती उरतात. या चारही ओळी भरल्याशिवाय इथल्या कायम नोकरीचा राजीनामा देऊ नका.